कोरड्या कपड्यांची पेटी

नदीतून माणूस बाहेर काढला की आधी काय लागतं, असं कुणालाही विचारून बघा. कुणी म्हणेल डॉक्टर, कुणी म्हणेल पोलीस, आणि पुण्याच्या पेठेतला एखादा म्हणेल, अक्कल. जैनबचाची म्हणतील, कोरडे कपडे. डॉक्टर यायचा तेव्हा येईल. तोवर भिजलेला माणूस घाटाच्या पायरीवर थरथरत बसलेला असतो, भोवती पंचवीस लोक बघत उभे असतात, आणि आपण जगलो या आनंदापेक्षा आपण असे दिसतोय याची लाज त्याला जास्त वाटत असते.

चाचींचं हे मत ऐकीव नव्हतं. पन्नास वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं.

समुद्रकाठच्या गावांना टेहळणीचे मनोरे असतात, होड्या असतात, लाल झेंडे असतात. पुण्याला समुद्र नाही, पण बुडायला समुद्र लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी विसर्जनाच्या दिवशी एक मुलगा भर गर्दीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मुठेत गेला. घाटावर हजार माणसं होती आणि एकाजवळही साधा दोर नव्हता. ते बघून दोघांना झोप लागेना. एक मैनुद्दीन, म्हणजे जैनबचाचींचे यजमान, ज्यांचं नदीजवळ टायर-पंक्चरचं दुकान होतं. दुसरे ज्ञानदेव, मंडईतले हमाल. ज्ञानदेवांनी मंडईतून पोती बांधायचा जाड दोर आणला, मैनुद्दीननी ट्रकच्या जुन्या ट्यूबा फुगवल्या, आणि घाटाच्या वरच्या पायरीला लागून पत्र्याची एक चौकी उभी राहिली. तिच्यावर पाटी लागली, ‘मुठाकाठ जीवरक्षक दल’. पाटीतलं शुद्धलेखन तपासायला पहिल्याच दिवशी चार जण थांबले. दलात नाव द्यायला मात्र महिनाभर कुणी आलं नाही.

जैनब तेव्हा वीस वर्षांची, नवी नवरी. कागदीपुऱ्यातल्या त्यांच्या घरी मैनुद्दीननी पहिला वाचवलेला माणूस आणला तो ताडपत्रीत गुंडाळून. जैनबनं त्याला नवऱ्याची लुंगी आणि सदरा दिला, दुप्पट साखरेचा चहा दिला. त्याचे ओले कपडे तिथेच राहिले. तिनं ते धुतले, वाळवले, घडी करून ठेवले. चार दिवसांनी तो लुंगी-सदरा परत द्यायला आला. स्वतःचे कपडे बघितल्यावर त्याचा चेहरा पडला. म्हणाला, “ते राहू द्या, वहिनी. कुणाला तरी होतील.”

तिथून पेटी सुरू झाली. वाचलेल्याचे ओले कपडे चाची घरी न्यायच्या, दोन पाण्यांतून काढायच्या, कडक उन्हात वाळवायच्या. ज्याला हवे असतील तो घेऊन जाई. जो नको म्हणेल त्याचे पेटीत, पुढच्या माणसासाठी. जे वाचले नाहीत त्यांचे कपडे त्यांच्या घरच्यांकडे. पेटीत शिरायचे ते फक्त घरी परत गेलेल्या माणसांचे. हा नियम चाचींचा. मैनुद्दीनचा नियम वेगळा होता. ते म्हणत, “नाव विचारायचं नाही, कारण विचारायचं नाही. पोलीस विचारतील ते त्यांचं. आपण माणूस घराच्या दारापर्यंत पोचवायचा आणि वळायचं.”

त्यामुळे दलाच्या वहीत चारशे बारा माणसांच्या नोंदी होत्या आणि एकही नाव नव्हतं. ‘एक गृहस्थ, चष्म्यासह.’ ‘दोन भाऊ, धाकटा जास्त रडला.’ ‘एक बाई.’ पुढे तारीख, पाणी किती होतं, पाण्यात कोण उतरलं आणि दोर कुणी धरला. बास.

मैनुद्दीन जाऊन चार वर्षं झाली. ज्ञानदेव गुडघे धरून हडपसरला मुलाकडे असतात. दल आता तरुण पोरापोरींचं आहे, आणि त्याचा सचिव दत्तप्रसाद, बत्तीस वर्षांचा, एका कारखान्यात मालाची तपासणी करणारा. पोहण्यात पटाईत, मनानं लोण्यासारखा. दोष एवढाच की छापील फॉर्मवर त्याचा विश्वास होता. जानेवारीतल्या एका संध्याकाळी तो चौकीत आला तो महापालिकेचं पत्र हातात धरूनच.

नदीकाठ सुशोभित व्हायचा होता. सुशोभित म्हणजे नेमकं काय, हे पत्रात नव्हतं. पत्र्याची चौकी त्यात बसत नाही, एवढं मात्र समजत होतं. चौकी राहावी असं वाटत असेल तर दलानं वाचवलेल्या ‘लाभार्थींची’ यादी महिनाअखेर द्यावी. नाव, पत्ता, दूरध्वनी, सही. किमान वीस.

“लाभार्थी?” चाचींनी चष्मा कपाळावर सरकवला. “नाकातोंडात पाणी गेलं त्यात लाभ कसला झाला त्यांना?”

“चाची, सरकारी शब्द आहे तो.”

“म्हणजे त्याला अर्थ नसतो, असंच ना?”

दत्ता हसला नाही. त्यानं वही उघडली. “चारशे बारा माणसं. आणि मी साहेबांना काय देऊ? ‘एक बाई’? कुठली बाई?”

“दे की. खरं आहे ते.”

“तुम्हाला आठवत असतील ना. कपडे परत करायला लोक तुमच्याकडेच येतात. नावं सांगून जातात. वीसच हवीत, चाची.”

“आठवतात.”

“मग?”

“सांगणार नाही.”

दत्तानं पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “चौकी पाडतील मग. चाचांनी स्वतःच्या हातांनी उभी केलेली. पुढच्या पावसाळ्यात खडकवासल्याच्या धरणातून पाणी सोडलं की आम्ही उभं राहायचं कुठे? दोर ठेवायचा कुठे? पेटी?” त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला, कारण चाचींवर आवाज चढवायची दलात कुणाची टाप नव्हती. तो निघून गेला.

चाची बसून राहिल्या. चौकी गेली तर आपण तुटून जाऊ, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर सहा महिने त्यांना घर खायला उठायचं, तेव्हा त्या इथे येऊन बसायच्या. पण त्या गप्प राहिल्या त्याचं कारण चौकी नव्हती. त्यांना दत्ताच्या डोळ्यांकडे बघवलं नव्हतं. वहीच्या तेहतिसाव्या पानावरची, १९९३ सालच्या पावसाळ्यातली ‘एक बाई’ ही दत्ताची आई होती, आणि दत्ताला ते माहीत नव्हतं.

गोदाबाई यवतमाळकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या, मंगळवार पेठेत एक खोली, नवरा कारखान्यात दोन-दोन पाळ्या करणारा, ओळखीचं माणूस नाही. एका सकाळी त्या पुलावर आल्या. मैनुद्दीननी त्यांना बाहेर काढलं, दोर ज्ञानदेवांच्या हातात होता. चाचींनी त्यांना कोरडं दिलं आणि रिक्षानं घरापर्यंत सोडलं. आठ दिवसांनी गोदाबाई आल्या त्या कडेवर पोर घेऊन. धुतलेले कपडे त्यांनी ठेवले. स्वतःची साडी, जांभळी, पिवळ्या बुट्ट्यांची, चाचींनी घडी करून समोर ठेवली होती, तिच्याकडे बघून म्हणाल्या, “हे नको, भाभी. अंगाले लावावीशी वाटत नाही.”

त्यानंतर त्या येत राहिल्या. नवरा लवकर वारला, त्या पोळ्या लाटून पोर वाढवत राहिल्या, आणि पोर बारा वर्षांचं झाल्यावर त्याला हाताला धरून मैनुद्दीनसमोर आणून उभं केलं. “याले पोहायला शिकवा,” एवढंच बोलल्या. मैनुद्दीननी शिकवलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आता गोदाबाई येरवड्याला दत्ताच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि दर रविवारी सरावाला आलेल्या पोरांसाठी डबा भरून घाटावर आणतात. भाजी तिखटजाळ असते. पुण्याची पोरं डोळे पुसत खातात आणि पुन्हा मागतात.

पत्र आल्यानंतरच्या आठवड्यात चाचींनी एक गोष्ट केली, जी त्यांनी कधी केली नव्हती. ज्यांनी स्वतःहून नाव सांगितलं होतं, अशा दोघांकडे त्या गेल्या. नाव द्यायला नव्हे; द्याल का, असं विचारायला. पहिला, सुखदेव नावाचा शिंपी, शिवणयंत्र थांबवून म्हणाला, “कुठे सही करू?” दुसऱ्या घरी नातीनं दार उघडलं. आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, चाचींना बघून जागीच थिजले, आणि त्यांनी नातीच्या डोक्यावरून चाचींकडे असं बघितलं की चाची म्हणाल्या, “चुकून दुसऱ्या मजल्यावर आले वाटतं मी.” जिने उतरताना त्यांना स्वतःचाच राग आला. पन्नास वर्षं सांभाळलेली गोष्ट आपण दारोदार घेऊन हिंडतोय, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बसनं त्या येरवड्याला गेल्या. दत्ता कामावर होता. बाहेरच्या खोलीत त्याच्या बारशाचा जुना फोटो होता. पाळण्याशेजारी गोदाबाई, अंगावर तीच जांभळी साडी. चाचींनी फोटोकडे पाठ करून खुर्ची घेतली आणि पत्राची हकिकत सांगितली.

गोदाबाई कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. “त्याले माझं नाव सांगितलं?”

“वेडी आहेस का? बत्तीस वर्षांत कुणाला सांगितलंय?”

“मग सांगू नको. भाभी, माझी लाज नाही मले. मी म्हातारी झाले, मले कोण काय म्हणणार?” त्यांनी पीठ लागलेल्या हातानंच डोळे पुसले. “पण तो काय म्हणेल? म्हणेल, माय मले टाकून चालली होती. सगळा जन्म त्यानं आई-आई केलं, आणि ती आई त्याले शेजारणीकडे ठेवून चालली होती. हे त्याले कळलं तर तो मोडेल. मले बोलणार नाही काही, तसा नाही तो. पण आतून मोडेल.”

चाचींनी त्यांचा पिठाचा हात हातात घेतला. “नाही कळणार,” त्या म्हणाल्या. “माझी जबान आहे.”

आणि निघताना, जरा बरं वाटावं म्हणून, त्यांनी सांगितलं, “तुझी ती साडी आजवर चार जणींना दिली मी. चौघी घरी गेल्या. चारही वेळा साडी धुऊन परत आली.”

गोदाबाईंनी कणीक पुन्हा मळायला घेतली. मग त्यांनी चाचींना जेवूनच जा म्हणून बसवलं.

रविवारी सकाळी चाची घाटावर पोचल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते. हिवाळ्यात मुठेत पाणी कमी आणि जलपर्णी जास्त, त्यामुळे सराव असतो तो दोर फेकण्याचा. पण दोर कुणी फेकत नव्हतं. दोर चौकीच्या खांबापासून घाटावरच्या पिंपळापर्यंत ताणून बांधला होता, आणि त्याच्यावर पेटीतले कपडे चिमटे लावून टांगले होते. सदरे, पँटी, परकर, एक शाळेचा गणवेश, एक शेरवानी, जिच्या मालकानं लग्नाच्याच दिवशी पाय घसरून नदी गाठली होती. ज्या दोरानं माणसं ओढून काढली त्याच दोरावर त्यांचे कपडे, भर रस्त्यावरून दिसतील असे. दलातली उत्कर्षा, आयटीत काम करणारी हुशार मुलगी, मोबाइलवर एकेकाचा फोटो काढत होती.

“हे काय चाललंय?”

“चाची, दत्तादादाची आयडिया आहे, एकदम सॉलिड!” उत्कर्षा म्हणाली. “नाव विचारायचं नाही ना? आपण विचारतच नाही. फक्त कपड्यांचे फोटो पोस्ट करायचे. ‘हे कपडे तुमचे आहेत का? आम्हाला भेटा.’ ज्यांना यायचंय ते स्वतःहून येतील. नो प्रेशर.”

दत्ता चिमट्यांची पिशवी घेऊन पुढे आला, तोंडभर हसत. रात्रभर विचार करून त्याला हे सुचलं होतं आणि आपण नियमही मोडला नाही, चौकीही वाचवली, असं त्याला मनापासून वाटत होतं. “बघा, तुमचाही शब्द राहिला.”

चाचींना त्याला काय सांगावं कळेना. अरे, कपडे काय फक्त ज्याचे तोच ओळखतो? बायको ओळखते, शेजारीण ओळखते, ज्या सासूनं सणाला घेऊन दिले ती तर चांगलीच ओळखते. त्या दोरावरून नजर फिरवत गेल्या आणि सातव्या चिमट्याशी थांबल्या. जांभळी, पिवळ्या बुट्ट्यांची.

सत्तर वर्षांच्या बाईनं जितकं भरभर चालावं त्याच्या दुप्पट वेगानं त्या गेल्या आणि साडी ओढून काढली. चिमटे उडून पायरीवर पडले.

“ही नाही,” त्या म्हणाल्या.

“का?”

“ही माझी आहे.”

दत्तानं त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या सलवार-कुर्त्याकडे बघितलं. “चाची, वीस वर्षं झाली तुम्हाला ओळखतोय. तुम्ही साडी कधी नेसलात?”

चाचींना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि सवय नसलेलं काम घाईत केलं की असंच होतं. त्यांनी साडी छातीशी घट्ट धरली. “नेसत नाही म्हणून असू नये का?”

“थांबा.” दत्ता जवळ आला. त्याच्या कपाळाला आठी पडली. “ही मी कुठेतरी बघितलीय. रोज बघतो. कुठे बरं…”

“सगळे कपडे उतरवा आधी!” चाची ओरडल्या. “सगळे! फोटो पुसून टाक, उत्कर्षा. आत्ताच्या आत्ता. चौकी पडली तर पडू दे. पत्र्याची आहे, पुन्हा उभी करता येईल. माणसांचं असं नसतं.” त्यांचा आवाज फाटला. उत्कर्षानं मोबाइल खाली घेतला. दलातली बाकीची पोरं जिथल्या तिथे उभी राहिली.

त्याच वेळी गोदाबाई डब्यांची पिशवी सांभाळत पायऱ्या उतरून आल्या. त्यांनी दोर बघितला. चाचींच्या छातीशी काय आहे ते बघितलं. मग मुलाकडे बघितलं. त्याची आठी अजून गेली नव्हती. तो घरातल्या भिंतीवरच्या फोटोपर्यंत पोचायला फार तर एक मिनिट लागणार होतं.

चाचींनी मान हलवून खूण केली, काही बोलू नकोस.

गोदाबाईंनी पिशवी खाली ठेवली. “माझी आहे ती साडी, दत्ता,” त्या म्हणाल्या. “तुझ्या वहीत माझं नाव लिही.”

उत्कर्षानं बाकीच्या पोरांना डोळ्यांनी खुणावलं आणि सगळी काही न बोलता पुलाच्या बाजूला निघून गेली; हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

यादीचं पुढे काय झालं ते सांगून टाकायला हवं. यादी गेली. त्यात वीस नव्हे, सात नावं होती, सातही आपल्या पायांनी आलेल्यांची. सोबत दत्तानं एक पत्र जोडलं, की बाकीची चारशे पाच माणसं सुखरूप असून त्यांची नावं देण्यास दल नकार देत आहे. साहेब लोकांनी त्यावर काय शेरा मारला कोण जाणे. चौकीला एका वर्षाची मुदत मिळाली. पण ते सगळं नंतर. त्या सकाळी दत्ताला यादीची आठवणही नव्हती.

तो पायरीवर बसला. “कधी?”

“तू लहान होतास.”

“किती लहान?”

“अकरा महिन्यांचा.”

“आणि मी कुठे होतो?”

त्यानं जे विचारू नये असं गोदाबाईंना वाटत होतं तेच त्यानं विचारलं. त्या उभ्याच होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. “शालूकडे. शेजारच्या. मंडईत जाऊन येते म्हटलं तिले.” त्या थांबल्या. “कारण काही मोठं नव्हतं रे. तेव्हा सगळंच मोठं वाटत होतं. रात्ररात्र झोप नाही, बोलायले कुणी नाही. तू रडायचास आणि मले वाटायचं, याले माझ्याहून बरी माय मिळेल.”

“म्हणजे मला ठेवून गेलीस.” तो रागावला नव्हता. अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. “मी तिथे बसलो होतो आणि तू मला ठेवून गेलीस.”

“हो,” गोदाबाई म्हणाल्या.

हेच ते मोडणं, चाचींच्या लक्षात आलं. गोदा सांगत होती ते हेच. त्याचे खांदे पुढे आले होते, हात दोन्ही गुडघ्यांमध्ये लोंबत होते, पाण्यातून काढलेली माणसं बसतात तसा तो बसला होता. चाचींनी अशी चारशे माणसं बघितली होती आणि प्रत्येकाला काही ना काही अंगावर टाकलं होतं. याला काय द्यायचं?

नाव विचारायचं नाही, कारण विचारायचं नाही, हे नियम त्यांनी पाळले होते. पण माणूस बाहेर आल्यानंतर काय झालं, ते सांगायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता. तो कुणी केला असता तरी आज त्यांनी तो मोडला असता. त्या कष्टानं खाली वाकल्या आणि दत्ताच्या शेजारी बसल्या.

“दत्ता, इकडे बघ. तुझी आई गेली कशी, ते मला ठाऊक नाही, मी नव्हते. पण परत कशी आली ते मला ठाऊक आहे. मी होते तिथे.”

तो बघेना. चाची बोलत राहिल्या.

“तुझ्या चाचांनी तिला वर आणलं. मी चादर धरली, तिला कोरडं नेसवलं, कोरडं पोलकं घातलं. ती दगडासारखी बसलेली. बोलेना, रडेना, चहाला हात लावेना. दहा मिनिटांनी बघते तर पोलकं पुढून ओलं. मला वाटलं, हाय अल्ला, माझ्या हातून दमट कपडा गेला. अठरा वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. इतकी लाज वाटली मला! बदलून दुसरं घातलं. तेही ओलं. मग मी हात लावून बघितला, तर ओल गरम होती. नदीचं पाणी गरम नसतं रे. दूध होतं ते.”

गोदाबाईंनी तोंडावर पदर धरला.

“तिनं स्वतःच्या अंगाकडे बघितलं,” चाची म्हणाल्या, “आणि तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. मला विचारलं, किती वाजले? मी म्हटलं, साडेअकरा. म्हणाली, त्याची वेळ झाली. आणि उठली. पायात चप्पल नव्हती, मी म्हणतेय थांब, तर ऐकेना. रिक्षात मला सारखी म्हणत होती, त्याला जरा जोरात चालवायला सांगा, माझं पोर भुकेलं असेल. कोण पाण्यातून आलीय आणि कोण कुणाला सांभाळतंय, मला कळेना.” त्यांनी दत्ताच्या पाठीवर हात ठेवला. “चाचांनी तिला नदीतून काढलं, बेटा. घरी तिला तू आणलंस.”

पुलावरून एक बस गेली, मग दुसरी. दत्ताचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. शेवटी त्यानं मान वर करून आईकडे बघितलं.

“मग?” तो म्हणाला. “प्यायलो का मी?”

“प्यायलास की,” गोदाबाई म्हणाल्या. “पोटभर प्यायलास. आणि चावलास मले. दोन दात वर होते तुले, दोन खाली.”

दत्ता हसला की रडला, ते चाचींना नीट कळलं नाही. तो उठला, दोन पायऱ्या चढून आईजवळ गेला, तिला हाताला धरून खाली बसवलं, आणि दलाचा सचिव, कारखान्यात ज्याचा शब्द चालतो तो माणूस, भर घाटावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला.